‘ये’ आणि ‘येऊ दे’

गोदामात त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. हमाल, ड्रायव्हर, चहावाला, सगळ्यांच्या लेखी तो ‘येऊदे’. वयानं लहान असलेले ‘येऊदेमामा’ म्हणायचे, एवढाच काय तो मान. दिवसभर एकच शब्द ओरडायचा म्हणून हे नाव पडलं आणि अंगाला असं चिकटलं की घरीही सुटेना. जेवताना बायकोनं ‘अजून वाढू का?’ विचारलं आणि तो ‘येऊ दे’ म्हणाला, की ती म्हणायची, “अहो, हे ताट आहे, ट्रक नाही. ‘बस’ कधी म्हणणार ते आधी सांगा.”

काम बघणाऱ्याला सोपं वाटायचं. गोदामाच्या मागच्या अंगाला कमरेएवढ्या उंचीचे दोन लांब फलाट होते. मालाचे ट्रक मागे घेत घेत त्यांना पाठ लावून उभे करायचे, म्हणजे मागची फळी पडली की हमाल थेट आत शिरतात. पूर्वी प्रत्येक ट्रकबरोबर क्लीनर यायचा आणि तोच खाली उतरून मागचं बघायचा. मग ट्रकमालकांनी क्लीनर बंद केले, ड्रायव्हर एकटेच येऊ लागले, आणि मागचं बघायला गोदामालाच माणूस ठेवावा लागला. पोती उचलून पाठ गेलेला हा माणूस आयता हाताशी होता. त्याला शर्टावर लावायला बिल्ला मिळाला: ‘वाहन मार्गदर्शक’. पहिल्या दिवशी तो बिल्ला त्यानं घरापर्यंत मिरवत नेला. बायको म्हणाली, “आयुष्यभर स्वतःला रस्ता सापडला नाही, आणि आता दुसऱ्यांना दाखवणार!” पण बोलता बोलता तिनंच तो पुसून खिडकीत ठेवला, सकाळी विसरायला नको म्हणून.

त्या एका शब्दाबद्दल मात्र तो फार काटेकोर होता. काम वाढलं तसा डाव्या फलाटासाठी आणखी एक मार्गदर्शक आला. याच्याच वयाचा, देहानं ऐसपैस, म्हणून त्याला सगळे जाड्या म्हणायचे. हा जाड्या ड्रायव्हरला हातवारे करत ‘ये, ये, ये’ म्हणून ओरडायचा. येऊदेनं त्याला चहाच्या वेळी बाजूला घेतलं.

“‘ये’ म्हणू नकोस बाबा. ‘येऊ दे’ म्हण.”

“काय फरक पडतो? गाडी तीच, चाकं तीच.”

“पडतो. ‘ये’ म्हणजे तू त्याला बोलावलंस. मग तो डोळे मिटून येतो, आणि काही झालं की म्हणतो, यानं बोलावलं म्हणून आलो. ‘येऊ दे’ म्हणजे गाडी तुझी, ब्रेक तुझा, मी फक्त मागचं सांगतोय. आणि ‘थांब’ वेगळं, ‘बस’ वेगळं. ‘थांब’ म्हणजे अजून यायचंय, जरा दम धर. ‘बस’ म्हणजे संपलं. ‘बस’ म्हटल्याशिवाय कुणी मागे जायचं नाही.”

“अहो, तुम्ही इथं कुठं तडफडताय,” जाड्या म्हणाला, “शाळेत व्याकरण शिकवायचं सोडून!” पण दुसऱ्या दिवसापासून तोही ‘येऊ दे’ म्हणू लागला.

बाहेर एवढं तोलूनमापून बोलणाऱ्या या माणसाला घरात मात्र ते कधी जमलं नाही. घरात तो थेट सांगायचा आणि समोरच्यानं ऐकायचं, अशी पद्धत. आईवडील लवकर गेले होते, धाकट्या बहिणीला यानंच वाढवलं, यानंच स्थळ बघून दिलं. तिचा नवरा छापखान्यात अक्षरं जुळवायचा. शांत, कमी बोलणारा, कॉलर नेहमी स्वच्छ. छापखाना बंद पडला आणि तो घरी बसला. थोडे दिवस गेले, मग आणखी थोडे गेले, आणि एका दुपारी बहीण भावाकडे येऊन उंबऱ्यातच बसली.

“दादा, ह्यांना कुठंतरी मार्गी लाव. पुरुषमाणूस दिवसभर घरात बसला की घर खायला उठतं रे.”

“तो काय म्हणतो?”

“ते काय म्हणणार? छापखान्याचं काम बघतोय म्हणतात. कुठं आहेत आता छापखाने?”

तो दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे गेला. साहेब म्हणजे गोदामाचे व्यवस्थापक. वरच्या काचेच्या खोलीत बसायचे आणि खाली उतरले की सगळ्यांची नावं विसरायचे. यानं आर्जवं केली, स्वतःच्या नावाची हमी दिली, आणि बहिणीच्या नवऱ्याला हमालांत घेतलं गेलं. संध्याकाळी हा तिच्या घरी सांगायला गेला तेव्हा तिचा नवरा, बहिणीला लेकीसारखं वाढवल्यामुळे याच्या लेखी जावईच, नुसता बघत राहिला.

“मला झेपेल का दादा?” तो त्यालाही बायकोसारखं दादाच म्हणायचा.

“झेपवायचं. मी आहे ना तिथं. सकाळी माझ्याबरोबर ये.”

बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे ती भेटेल त्याला सांगायची, “दादानं मार्गी लावलं हो.” ते ऐकून हा वरवर म्हणायचा, “मी कसलं लावतोय, नशीब असतं ज्याचं त्याचं,” आणि आतून फुगायचा.

जावयाच्या हाताला आधी फोड आले, मग घट्टे पडले. त्याला ट्रकच्या मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचं काम यानं मागून घेतलं, म्हणजे पोती थोडी कमी उचलावी लागतील. “माझ्या तोंडून ‘बस’ ऐकल्याशिवाय वाकायचं नाही,” हे यानं त्याला इतक्या वेळा बजावलं की बाकीचे हमाल जावयाला डबा खाताना विचारायचे, “बस का भाऊ? दादांना विचारलंस का?”

मग एक दिवस जाड्याला काढलं. कारण कुणी सांगितलं नाही, विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्या सकाळी साहेब फलाटावर आले. येऊदे खाली उभा होता, जावई बाजूला ढकलगाडीला तेल घालत होता.

“आजपासून दोन्ही फलाट तू एकट्यानं घ्यायचे,” साहेब म्हणाले. “दोन गाड्या एकदम.”

“साहेब, तोंड एक आहे. एकाला म्हटलेलं दुसऱ्यानं ऐकलं तर?”

“हात दोन आहेत ना? मार्गदर्शक म्हणवतोस, मग मार्ग काढ की!” साहेब स्वतःच्या कोटीवर खूश होऊन हसले. जावईही कसंनुसं हसला. साहेब हसले की हसायचं, हे तो एवढ्या काळात शिकला होता.

यानं मार्ग काढला. एका गाडीला थांबवायचं, दुसरी घ्यायची, मग पहिली. उशीर व्हायचा. बाहेर रस्त्यावर ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर भोंगे वाजवायचे, आणि वरून साहेबांचा आवाज यायचा, “आटपा!”

ती दुपार उन्हाची होती. उजवीकडे सिमेंटची पोती भरलेला ट्रक फलाटापासून हातभर अंतरावर आला होता. यानं त्याला ‘थांब’ म्हटलं आणि डावीकडे वळला, कारण डावीकडचा लांबलचक बंद ट्रक तिरका येऊन खांबाला घासायच्या बेतात होता. त्याच वेळी साहेब फलाटावरून ओरडले, “अरे, उभा राहिला ना तो? ठोकळा लावा, आटपा, रांग कुठवर गेलीय बघा!” जावई ठोकळा घेऊन उजव्या ट्रकच्या मागे वाकला. हा डावीकडे बघत होता. डावा ट्रक सरळ झाला, खांब सुटला, आणि हा नेहमीच्या खड्या आवाजात ओरडला, “येऊ दे!”

उजव्या ड्रायव्हरनं ते ऐकलं आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

पुढचं त्याला नीट आठवत नाही. आठवतो तो फक्त आवाज, आणि तो माणसाचा होता की लाकडाचा हे पुढेही त्याला सांगता आलं नाही.

जावई वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बहीण बाकावर बसली होती. हा तिच्या शेजारी बसायला गेला, तर ती उठून उभी राहिली.

“मार्गी लाव म्हटलं होतं तुला,” ती हळू आवाजात म्हणाली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. “वाट लाव नव्हतं म्हटलं.”

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायकोनं मागून त्याचा शर्ट ओढला, तेव्हा ते मिटलं.

कंपनीनं चौकशी नेमली. येऊदेला वाटलं, चला, निदान खरंखोटं होईल. साहेबांनी दोन गाड्या एकदम घ्यायला लावल्या, ठोकळा लावायला साहेबांनीच सांगितलं. पहिलं बोलणं झालं तेव्हा तिथं जावयाशिवाय कुणी नव्हतं, आणि दुसरं ऐकलेले बाकी हमाल आता ‘गोंगाटात काही ऐकू आलं नाही’ म्हणत होते. सगळी भिस्त जावयावर. चौकशीच्या आधी हा दवाखान्यात गेला. पांघरूण एका बाजूला सपाट होतं. तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही नजर तिकडेच जात होती.

“जावईबापू, साहेब त्या दिवशी काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना? तेवढं फक्त सांगायचं. जास्त काही नाही.”

जावई भिंतीकडे बघत राहिला. उत्तर बहिणीनं दिलं.

“साहेब येऊन गेले काल. ह्यांना फाटकावर बसायचं काम देतो म्हणाले. खुर्चीचं. कायमचं.” मग पांघरूण सारखं करत, “चौकशी नीट पार पडली तर.”

“नीट म्हणजे?”

“तुला कळतंय दादा.”

“म्हणजे मी एकटा बुडायचं?”

“तुझे दोन्ही पाय आहेत,” ती म्हणाली. “आता तरी आमच्या आडवा येऊ नकोस.”

तो जायला वळला तेव्हा जावई पहिल्यांदा बोलला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

“दादा, तुम्ही मला कामाला लावलंत तेव्हा मला विचारलं होतंत का? ‘सकाळी माझ्याबरोबर ये’ म्हणालात. मी आलो.”

जिना उतरताना त्यानं उत्तर तयार केलं: तुझ्याच भल्यासाठी, तुझ्याच बायकोनं हात जोडले म्हणून. खाली पोचेपर्यंत ते त्यालाच पटेनासं झालं.

चौकशी वरच्या काचेच्या खोलीतच झाली. चौकशी करायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. पांढरे केस, शांत आवाज, वागायला अगदी सभ्य. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर, भिंतीलगत बहीण, आणि चाकाच्या खुर्चीत जावई.

“यांनी बोलावलं म्हणून मी आलो,” ड्रायव्हर म्हणाला. “आरशात माणूस दिसत नव्हता.”

“मी बोलावलं नाही!” येऊदे उसळून म्हणाला. “मी ‘येऊ दे’ म्हटलं. ‘ये’ नाही म्हटलं. आणि ते त्याला नव्हतंच, डावीकडच्याला होतं.”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “‘ये’ आणि ‘येऊ दे’, यात फरक काय?”

जाड्याला चहाच्या घोटाबरोबर सांगितलेली गोष्ट. ती सांगायला त्यानं सुरुवात केली. “बाई, ‘येऊ दे’ म्हणजे गाडी त्याची असते. ब्रेक त्याचा. आपण नुसतं…”

“म्हणजे तुझी काहीच जबाबदारी नाही, असं म्हणायचंय का तुला?” साहेबांनी मध्येच विचारलं. अगदी मऊ आवाजात.

समोर जावई बसला होता. त्याच्या विजारीचा एक पाय गुडघ्याशी दुमडून टाचणी लावलेला होता. येऊदेनं वाक्य तिथंच सोडलं. इतकी वर्षं त्या शब्दाच्या आडोशाला तो सुरक्षित उभा होता. आता त्याच शब्दानं त्याला पळपुटा ठरवलं.

मग तो साहेबांकडे वळला. “दोन गाड्या एकदम घ्यायचा हुकूम तुमचा होता.”

“हुकूम?” साहेबांनी भुवया उंचावल्या. “मी कुणाला हुकूम देत नाही. रांग वाढत होती, म्हणून मी फक्त सुचवलं. प्रत्यक्ष जागेवर काय शक्य आहे हे मार्गदर्शकानंच ठरवायचं असतं. त्याच्या पदाचं नावच ते आहे.”

“सुचवलं? ‘आजपासून घ्यायचे’ म्हणालात तुम्ही!”

“ते ‘घ्यायचे’ म्हणाले, की ‘घेता येतील का बघ’ म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“घ्यायचे.”

“ऐकलं कुणी?”

सगळे जावयाकडे बघू लागले. त्यानं मान वर केली, बायकोकडे पाहिलं, आणि खाली घातली. छापखान्यात आयुष्य घालवलेला माणूस. शब्द बदलला की काय बदलतं हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“साहेब म्हणाले होते,” तो म्हणाला, “जमलं तर बघ.”

“आणि ठोकळा लावायला?”

“मीच गेलो. दादांचं ‘बस’ झालं, असं वाटलं.”

येऊदेच्या तोंडाशी आलं होतं, याला फाटकावरची खुर्ची कबूल केलीय, विचारा साहेबांना, विचारा भिंतीशी बसलेल्या माझ्या बहिणीला. तो बोलला असता तर बाईंनी कदाचित ऐकलंही असतं. त्यानं बहिणीकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की ती अशीच ओठ दाबून बसायची. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती, ते उघडतंय का म्हणून.

“माझं म्हणणं संपलं,” तो म्हणाला.

यात त्यानं मोठेपणा केला असं त्याच्या बायकोचं मत. तो स्वतः तसं मानत नाही. बोलण्याची ताकदच उरली नव्हती, असं तो म्हणतो, आणि ते जास्त खरं असावं.

चौकशीत निघालं ते असं की अपघात ‘चुकीच्या मार्गदर्शनामुळे’ झाला. साहेबांनी त्याला खोलीत बोलावून घेतलं, बसायला सांगितलं, पाणीसुद्धा विचारलं. “आम्ही तुला मोकळं करतोय,” ते म्हणाले. जसा काही इतकी वर्षं त्याला दावणीला बांधला होता आणि आता दया आली. बिल्ला टेबलावर ठेवून तो खाली उतरला, तर फलाटावर नवा माणूस दोन गाड्या एकदम घेत होता.

बहीण येईनाशी झाली. हा एकदा जाऊन बघावं म्हणून तिच्या गल्लीपर्यंत गेला आणि कोपऱ्यावरूनच परतला. जावई फाटकावर बसतो, त्याला सावलीची जागा दिलीय, अशा बातम्या इकडून तिकडून कानावर यायच्या. बायको कधी म्हणायची, “वन्संनी चूक केली, पण त्यांच्या जागी आपण असतो तर?” यावर तो जेवता जेवता ताट सरकवून उठायचा. मग तिनं तो विषयच काढायचा सोडला.

शहराच्या नव्या बाजूला एका मोठ्या दुकानांच्या इमारतीच्या तळघरात त्याला काम मिळालं, गाड्या लावून घ्यायचं. इथं ओरडायचं नसतं. छोट्या गाड्या, काचा वर, आत गार हवा आणि गाणी. हातानं खुणा करायच्या, लोकांचं लक्ष असलं तर ते बघतात. कुणी त्याच्याशी बोलत नाही आणि त्यालाही ते बरं वाटतं. दिवसभर पोटात धूर जातो, संध्याकाळी वर आलं की डोळे चुरचुरतात.

असं बरंच चाललं. मग एका रविवारी दार वाजलं. बहीण होती. अंगानं उतरली होती. तिनं आत यायची वाट पाहिली नाही, पूर्वीसारखी उंबऱ्यातच बसली. बायकोनं पाणी आणून दिलं.

गोदामाच्या फाटकावर यंत्र बसवलंय, तिनं सांगितलं. गाडी आली की दांडा आपोआप वर जातो. खुर्ची गेली. साहेबांना भेटायला गेलो तर ते बदलून दुसरीकडे, वरच्या जागेवर गेलेत, आणि नवे साहेब म्हणतात, असं काही कुणी कबूल केल्याचं आम्हाला माहीत नाही.

“कायमचं म्हणाले होते,” ती म्हणाली.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“दादा, तू आहेस तिथं काही असलं तर… बसून करायचं. पावत्या फाडायचं वगैरे. ते येतील. मी विचारलंय त्यांना या वेळी.”

त्या ‘या वेळी’वर तो जरा थबकला. क्षमा मागितली नव्हती तिनं, पण एवढं सांगायला तिला किती गिळावं लागलं असेल ते त्याला दिसत होतं. त्याला दिसत होतं आणि तरीही आत काहीच हललं नाही.

“बघतो,” तो म्हणाला.

बहीण त्याच्याकडे बघत राहिली. याच्याच हाताखाली वाढलेली पोर, ‘बघतो’ म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. पाणी तसंच ठेवून ती उठली. “वहिनी, येते हं,” म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

“एकदा विचारून तरी बघा,” बायको म्हणाली. त्यानं रेडिओ लावला.

त्याच आठवड्यात तळघराचा ठेकेदार त्याच्याजवळ आला. पावत्या फाडणारा माणूस गावी निघून गेला होता, खिडकीत बसायला कुणी तरी हवं होतं.

“तुमच्या ओळखीत आहे का हो कुणी? विश्वासाचं, लिहितावाचता येणारं. बसून काम आहे, म्हातारा चालेल, अपंग चालेल. तुम्ही सांगाल त्याला घेतो.”

एक लाल गाडी उतरणीवरून खाली येत होती. त्यानं हात वर करून तिला थांबवलं, मागे जागा आहे का ते वाकून पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “ओळखीचं असं कुणी नाही.”

ठेकेदार गेला. लाल गाडीतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, “कुठं लावू?” त्यानं बोटानं दाखवलं.